जोतीरामचे हात

तो लेथच्या समोर कधी उभा राहत नसे. बाजूने जाई. अनोळखी एडक्याजवळ जावं तसा.

हात लावण्याआधी उघडा तळवा लोखंडाजवळ धरी. जनावराला वास घेऊ द्यावा तसा. मग हात मागे घेई. मग लावी.

इंजिन सुरू होण्याआधी दाढेखालची तंबाखू थुंकून टाकी.

शेडमध्ये शीळ घालत नसे. मलाही घालू देत नसे.

चहाचा पेला जमिनीवर ठेवी, लेथच्या पाठीवर कधीच नाही. बसायचं तर भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असं.

बोलताना बोटं मुठीत मिटून ठेवी.

संध्याकाळी खोपटाच्या दारात, पाय धुण्याआधी, दोन्ही हात पुढे करी. आधी पालथे, मग उताणे. त्याची बायको राहीबाई ते बघे. मग पाण्याची कळशी पुढे सरकवी. मला आधी वाटलं, हात स्वच्छ आहेत का ते ती बघते. तसं नव्हतं. हात आहेत का, ते ती बघत होती.

हे सगळं मी शेजारी बसून पाहिलं. मला दुसरं काम नव्हतं.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो, मराठी वाङ्मय घेऊन. सांगलीत विश्रामबागेला एक खोली घेऊन नोकरीची वाट बघत होतो. माझे मामा लालासाहेब त्याच सुमाराला लढाईवरून सुभेदार होऊन परतले. कृष्णेकाठी त्यांचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं, पाणी उपसायचं इंजिन होतं. ऊस गाळायच्या चरकाचा एखादा बोल्ट गेला तरी मिरजेला गाडी धाडावी लागे. तोवर तोडलेला ऊस वाळे, रस उकळायच्या काहिली थंड पडत आणि गूळ करणारा गुळव्या चुलवाणाजवळ बसून विड्या ओढी. मामांना त्याचा संताप होता. त्यांनी पुण्याला लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावात एक लेथ घेतला. लोखंडाचा दांडा फिरवत ठेवायचा आणि त्याला पोलादी पातं लावून तो तासायचा, असं ते यंत्र.

ते बैलगाडीवरून मामांच्या मळ्यावर उतरवलं तेव्हा मी तिथे राहायला आलो होतो. बैलगाडीपेक्षा लांब, काळं, तेलकट. जागोजागी दांडे, मुठी, चाकं.

"बीए झालास न्हवं?" मामा म्हणाले. "मग वाच त्यावर काय लिवलंय."

त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पितळी पट्टी असायची त्या जागी स्क्रूची रिकामी भोकं होती. एका मुठीशेजारी बाण कोरला होता. त्या बाणाच्या टोकाला दुसरं काहीच नव्हतं. यंत्राबरोबर माहितीचं पुस्तक आलं नव्हतं. मामांनी लिलावात विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, पुस्तक गोऱ्या साहेबाबरोबर बोटीत बसलं असेल.

"नसू दे," मामा म्हणाले. "आपला जोतीराम हाय."

जोतीराम वडूजकडचा. घराणं धनगरांचं, मेंढरं राखणारं. लढाईत तो मामांच्या हाताखाली लॉऱ्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पलटण मोडल्यावर गावी गेला होता. मामांनी निरोप धाडला. तो राहीबाईला घेऊन आला. शेडला लागून मामांनी त्यांना खोपट बांधून दिलं. तेव्हा त्याचं वय पस्तिशीच्या आसपास असेल. उंच, वाळकुडा, कानावर पांढरे केस. हातात काठी. मेंढरं मागे ठेवून आला होता, पण काठी आणली होती.

पहिल्या दिवशी त्याने लेथभोवती लांबून एक फेरी मारली. मग माझ्याजवळ येऊन भिंतीला टेकून बसला.

"भाचेसाब," तो म्हणाला, "ह्यावर काय लिवलं न्हाई का?"

"नाही."

"कायबी न्हाई?"

"एक बाण आहे."

त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. "म्या लेथ कवा चालवला न्हाई," तो म्हणाला.

"मग मामांना तसं का नाही सांगितलंत?"

"साब म्हनले, लेथ येतोय न्हवं? म्या म्हनलं, व्हय साब. सुभेदाराला न्हाई कसं म्हनायचं? आजपतूर कवा म्हनलो न्हाई." मग खाली बघत म्हणाला, "पलटणीत एक लेथ हुता. त्यावर मद्रासी हवालदार. कुनाला जवळ फिरकू देत न्हवता. म्या लांबून बघायचो. मला तेच बरं वाटायचं."

मी हसलो. तो हसला नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस भ्यालेला आहे.

भीती दडवायची त्याची पद्धत नव्हती. तो ती उघड्यावर ठेवी, आणि तिच्याकडे बघत बघत काम करी.

इंजिनावरून वर आढ्याला लावलेला लांब दांडा फिरे, आणि त्या दांड्यावरून कातडी पट्टा लेथवर उतरे. जोतीरामने पहिले काही दिवस तो पट्टा चढवलाच नाही. लेथ निजलेला आहे तोवर त्याची ओळख करून घ्यायची, असं त्याने ठरवलं. तो बाजूला उभा राहून काठीच्या टोकाने एखादी मूठ ढकली. मला म्हणे, "चाक फिरवा हातानं. हळू." मी फिरवी. मग दोघं बघायचो, काय हललं. कधी काहीच हलत नसे. कधी लांब कुठेतरी, ज्याचा त्या मुठीशी काही संबंध नाही असं वाटे, तिथे एक दांडा गिरकी घेई. जोतीराम दचकून मागे सरे.

ज्या मुठीचं काम कळलं, तिला तो कावेचा पट्टा ओढी. मेंढरांच्या पाठीवर ओढतात तोच, लाल मातीचा. कळप मिसळले तरी आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून तिकडे तसं करतात. काव त्याने गावाहून आणली होती. कशाला आणली ते त्यालाही सांगता आलं नाही.

"पट्टा वढला की आपलं," तो म्हणे. "वढला न्हाई तवर परकं."

मामा दोन दिवसांआड येत. दारातूनच हाक मारीत. "काय जोतीराम, चालला का?"

"वळख चाललीया साब."

"सोयरीक जमवायलायस का रं तू?"

"तसंच म्हना."

एकदा तालुक्याचा फौजदार येऊन गेला. ते दिवसच तसे होते, बेचाळीसच्या भूमिगत पोरांपायी पोलीस अजून सगळ्यांकडे वाकड्या नजरेने बघत. त्याने लेथला छडी लावून विचारलं, यावर बंदुकीची नळी होते का. मामांचा चेहरा उतरला. जोतीराम हात जोडून म्हणाला, "सायेब, अजून ह्यावर खिळाबी झाला न्हाई. झाला की पयला तुमाला दावतो." फौजदार हसला आणि गेला. जोतीरामला फौजदाराची भीती वाटली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "मानूस हाय त्यो. डोळ्यात दिसतं त्याच्या."

एक दिवस मामा अडून बसले. आज कातडी पट्टा चढवायचाच. जोतीरामने तंबाखू थुंकली. राहीबाई खोपटातून येऊन दाराबाहेर उभी राहिली. ती उंबरा कधी ओलांडत नसे. इंजिन सुरू झालं. वरचा दांडा फिरू लागला. जोतीरामने लाकडी दांड्याने पट्टा सरकवला.

लेथ फिरला नाही. पट्टा किंचाळला. दुसरा शब्द मला सुचत नाही. कातडं जळल्याचा वास आला, मग धूर. सगळं यंत्र जागच्या जागी थरथरू लागलं, जणू आत काहीतरी बाहेर यायला धडपडतंय. मामा ओरडले. मी भिंतीला चिकटलो. जोतीरामने पट्टा मागे ओढला, लाकडी दांडा खाली टाकला आणि तो पळाला. सरळ उसात शिरला. हलणाऱ्या पाल्यावरून तो कुठवर गेला ते कळत होतं.

राहीबाई दारातून म्हणाली, "आवं भाचेबाबा, आत बघा. काय मागं ऱ्हायलं का?"

"काय?"

"बोट. हात."

मी बघितलं. काही राहिलं नव्हतं. तेव्हा ती पदर तोंडाशी धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि मला दिसलं की ती रडते आहे.

जोतीराम आला तेव्हा त्याचे गाल पाल्याने ओरखडले होते. मामा म्हणाले, "लॉरीवर बॉम पडला तवा हाललास न्हाईस. आन आज पळतोस?"

"बॉम पडून ग्येला साब," तो म्हणाला. "ह्ये हितंच हाय. उद्याबी हाय."

लेथ का अडकला ते त्याला चार-पाच दिवसांनी सापडलं. आत एक खीळ होती. ती ओढून मागची दाती चाकं जोडली की लेथ सावकाश पण जोराने फिरे, चाकं सोडून खीळ लावली की भरभर. आम्ही खीळ आणि चाकं दोन्ही एकदम लावून बसलो होतो. म्हणजे पुढून ओढायचं आणि मागून धरायचं. त्या खिळीलाही लाल पट्टा मिळाला.

त्याच दिवसांत त्याने मला त्याच्या भावाचं सांगितलं. आम्ही शेडच्या भिंतीला टेकून भाकरी खात होतो. राहीबाई जरा लांब, पाठ वळवून, लोकर पिंजत बसली होती.

"अर्जुना," तो म्हणाला. "माझा थोरला. मेंढरं चाराय हिकडं यायचो आमी, हस्त संपला की. एका साली चारा न्हवता, पानी न्हवतं. मग गुऱ्हाळावर कामाला ऱ्हायलो. दोगं. त्यो चरकात ऊस घालायचा. म्या बैलं हाकायचो."

मी भाकरी खाली ठेवली.

"ऊस घालताना कांडं वाकडं ग्येलं. त्यानं सरळ कराय हात लावला. म्या फुडं बघत हुतो. मला काय आयकू आलं न्हाई. बैलांनी आयकलं. बैलं थांबली. आपूनच. म्या आसूड उगारला. बैलं हलंनात. तवा म्या मागं बघितलं."

"मग?"

"कोपरापतूर ग्येला हुता. बैलं थांबली म्हनून खांदा ऱ्हायला." तो आपल्या मुठींकडे बघत होता. "आता मेंढरं राखतोय एका हातानं. लोकर कातराय येत न्हाई. घोंगडं पांघराय दुसरं मानूस लागतं. जेवान डाव्या हातानं. गावी रोज बघितलंय म्या. गडी मरून जावा, पर हात जाऊ ने."

राहीबाई पाठमोरीच म्हणाली, "आमी बायकांनी काय करावं मग? दोन्हीबी जाऊ ने असं म्हना की."

"बरं, दोन्हीबी जाऊ ने," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

मग मी त्याला विचारलं, हे सोडून का देत नाही. गावी मेंढरं आहेत. तो म्हणाला, "मेंढरं आता मूठभर ऱ्हायल्यात. अर्जुनाचं पोट भागतं. दोन घरं न्हाई भागत. ह्ये जनावर माणसाळलं तर दोन घरं जगतील." आणि जरा थांबून, "माणसाळंल. सगळी माणसाळत्यात. वेळ द्याय लागतो."

त्या दिवसापासून तो मला भाचेसाब म्हणेनासा झाला. गड्या म्हणू लागला.

पट्टा चढवून लेथ फिरू लागल्यावर भीती वाढली. निजलेल्या यंत्रातली मूठ ढकलणं वेगळं. पुढे तासायचा दांडा पकडणारं जबड्यांचं चाक गरगर फिरत असताना ढकलणं वेगळं. त्या चाकाला तीन जबडे होते. फिरताना ते दिसेनासे होत. नुसती एक करडी झाक दिसे. जोतीराम म्हणे, "दात दिसत्यात तवर भ्या न्हाई. दिसायचं बंद झालं की लांब."

एक मूठ उरली होती, पात्याच्या गाड्यावरची. पातं ज्या गाड्यावर बसवलेलं असे तो गाडा लेथच्या पाठीवर मागेपुढे सरके. तो हाताने सरकवायचं चाक आम्हाला सापडलं होतं. ही मूठ कशाची ते कळत नव्हतं. लेथ बंद असताना ती खाली पडे, वर येई, काहीच होत नसे.

ती त्याने चालू लेथवर ढकलून बघितली. लांबून, काठीने.

गाडा आपोआप चालू लागला. जबड्यांच्या दिशेने. कुणी हात लावलेला नसताना. जोतीरामने काठीने मूठ वर उचलायचा प्रयत्न केला. काठी घसरली. गाडा पुढे जातच होता. त्याने काठी आडवी घालून गाडा अडवायचा प्रयत्न केला, आणि काठीचं टोक जबड्यात गेलं.

आवाज झाला नाही म्हटलं तरी चालेल. एक 'टक्' झालं. जोतीरामच्या हातात वीतभर तुकडा होता. बाकीची काठी पत्र्याच्या भिंतीतून आरपार बाहेर गेली होती. भोकातून ऊन आत आलं.

मी पट्टा सरकवला. लेथ थांबला. जोतीराम त्या तुकड्याकडे बघत होता. मग त्याने तो जमिनीवर ठेवला, हळू, जसा चहाचा पेला ठेवी तसा. उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. मिटली.

"ह्या जागी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं मला वाटलं. तो माझ्याआधी आला होता. बाभळीची नवी काठी होती. त्या मुठीला त्याने लाल पट्टा ओढला होता, इतर मुठींपेक्षा जाड.

दिवाळी झाली. त्याने पहिला दांडा तासला. चकाकणारा, गोल, हाताला गार. मामा तो दांडा खांद्यावर टाकून गावभर फिरले. मग लहानमोठी कामं येऊ लागली. पंपाचा दांडा, गाडीच्या आसाचा कुणा, इंजिनाची खीळ. जोतीराम अजूनही बाजूने जाई, तळवा दाखवी. पण त्याच्या बोलण्यात लेथ आता परका नव्हता. "आज रुसलंय," तो म्हणे. "सकाळचं थंड असतं, जरा फिरू दे." कुठे करकर झाली की म्हणे, "आयकलं का? सांगतंय आपल्याला." आवाज बदलला की त्याचा हात आपोआप पट्ट्याच्या दांड्याकडे जाई. मीही ऐकायला शिकलो. मला वाटलं, त्याला साधलं. राहीबाईलाही वाटलं असावं. ती अजून हात बघे, पण आता कळशी सरकवताना बघे.

पौषात गुऱ्हाळ भरात होतं. चरकाचे रूळ आवळायचा मोठा बोल्ट झिजला. आटे गेले. रूळ सैल पडले, चिपाडातून रस तसाच वाहून जाऊ लागला. मामा तो बोल्ट घेऊन स्वतः आले.

"जोतीराम, आटे पाडायचे. मिरजेला धाडत न्हाई आता. लोक बघत्यात."

"व्हय साब."

आटे पाडणं हे सगळ्यात अवघड. लेथच्या पोटाशी एक लांब आट्यांचा दांडा आडवा जातो. तो फिरतो आणि गाड्याला नेमक्या चालीने ओढत नेतो, म्हणजे पातं लोखंडावर वळत वळत आटे कोरत जातं. एका फेरीत भागत नाही. पातं पुन्हा मागे आणून त्याच खाचेत उतरवायचं, जरा खोल. पुन्हा. पुन्हा. कोणती चाकं जोडली म्हणजे जुन्या बोल्टासारखे आटे येतील ते सांगणारं कुणी नव्हतं. जोतीराम बाभळीच्या लाकडावर आटे पाडून बघे, जुना बोल्ट शेजारी धरी, मान हलवी, चाकं बदली. लाकडांचा ढीग झाला. शेवटी जुळलं. तो मला म्हणाला, "कळला गड्या ह्याचा सभाव. आता सगळा कळला."

दुसऱ्या सकाळी त्याने खरं लोखंड चढवलं.

थंडी फार होती. नदीवरून धुकं शेडमध्ये आलं होतं. जोतीरामने घोंगड्याची गाती मारली होती, डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ. सगळे मेंढके थंडीत मारतात तशी. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. राहीबाईला दिसलं नाही. तिनेच गाठ आवळून दिली होती.

आम्ही सगळे जबड्यांकडे बघत होतो. भीती तिथे होती. बोल्ट सावकाश फिरत होता, पातं सरकत होतं, निळसर कीस निघत होता. काम छान चाललं होतं. अर्धे आटे उतरले होते. जोतीराम खाच नीट दिसावी म्हणून वाकला.

घोंगड्याचं टोक खाली लोंबलं. पोटाशी तो लांब दांडा फिरत होता. त्याच्याकडे कुणी कधी भीतीने बघितलं नव्हतं. तो सावकाश फिरायचा. त्याला दात नव्हते.

टोक त्याच्या आट्यांत गेलं. एक वेढा बसला. मग दुसरा.

मला आधी वाटलं, तो आणखी वाकतोय. मग त्याचं डोकं झटक्याने खाली गेलं. गाल लोखंडाला लागला. धोतर असतं तर टरकन फाटलं असतं. घोंगडं फाटत नाही. ते पिढ्या टिकावं म्हणूनच विणतात. गाठ गळ्यात रुतत गेली.

तो ओरडला नाही. त्याला ओरडता येत नव्हतं. आणि लेथचा आवाज बदलला नाही. ते मी विसरू शकत नाही. करकर नाही, किंचाळणं नाही. तीच सावकाश, समाधानी घरघर.

मी जाड लाल पट्ट्याची मूठ वर ओढली. गाडा थांबला. दांडा थांबला नाही. त्या मुठीने दांडा थांबत नाही. मी दोन्ही हातांनी पट्ट्याचा लाकडी दांडा धरला आणि ढकलला. पट्टा सरकला. यंत्र एक-दोन गिरक्या घेऊन थांबलं.

राहीबाईने उंबरा ओलांडला. तिच्या हातात लोकर कातरायची कातर होती. ती त्याच्या गळ्याशी बसली आणि घोंगडं कापू लागली. घट्ट लोकर कातरीखाली कचकच करत होती.

तेव्हा मी त्याचे हात बघितले. ते वर होते. डोक्याच्याही वर, लेथपासून जितके लांब जातील तितके लांब, ताठ. यंत्र गळा आवळत होतं आणि त्याने गाठीला हात लावला नव्हता. गाठ यंत्राजवळ होती म्हणून.

तो वाचला. गळ्याभोवती काळानिळा वळ उमटला. एका कानाची कातडी सोलली. आवाज गेला, तो काही दिवसांनी घोगरा परत आला. खोपटाच्या दारात मी त्याच्याजवळ बसलो होतो तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"आवाज आयकला हुता तू?"

"कसला?"

"त्याचा. काय बदल झाला?"

"नाही."

त्याने मान हलवली. "एडका धडक द्याच्या आदी मान खाली घालतो. कुत्रं कान पाडतं. बैल फुरफुरतो. कायतरी सांगतं जनावर. म्या वाट बघत ऱ्हायलो, ह्ये कवा सांगतंय. किती महिनं आयकत हुतो." घसा दुखला म्हणून तो थांबला. "त्याला राग आला न्हवता गड्या. त्याला कायच झालं न्हवतं. म्या हाय का घोंगडं हाय, त्याला ठावंबी न्हवतं."

"गाती मारायची नाही, एवढंच," मी म्हणालो. "बाकी सगळं तुला येतं."

"व्हय. गाती न्हाई. उद्या आनि काय न्हाई, ते कोन सांगंल? राग असता तर समजूत घातली असती. राग न्हाई त्याची काय समजूत घालायची?"

त्याच दिवशी मामा आले. गुऱ्हाळ अडलं होतं. त्यांनी बरंवाईट विचारलं, गळा बघितला, चुकचुकले. मग म्हणाले, "मर्दासारखा बचावलास. जरा बरा हो, मग आटे पुरे कर. अर्धे तर झाल्यात."

जोतीराम उभा राहिला. पलटणीतल्यासारखा, टाचा जुळवून.

"न्हाई साब," तो म्हणाला.

मामांना ऐकू आलं नसावं. "काय?"

"न्हाई."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. राहीबाई आत भांडी बांधत होती. ती भांडी वाजायची थांबली. मग पुन्हा वाजू लागली.

ते दोघं वडूजच्या बाजूला चालत गेले. मी नदीच्या उतारापर्यंत सोबत गेलो. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. काठी राहीबाईजवळ होती. तो म्हणाला, "त्याच्याजवळ जाऊ नगं." एवढंच.

मामांनी मिरजेहून नवा बोल्ट आणवला. गुऱ्हाळ चालू झालं. शेडला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे असते, आणि मी अजून कधीतरी आत जातो. पट्टा उतरवलेला आहे. तरीही मी बाजूनेच जातो.

बोल्ट जबड्यात तसाच आहे. पातं शेवटच्या खाचेत टेकलेलं आहे. तिथपर्यंत आटे स्वच्छ, एकसारखे उतरलेत, आणि त्यांवर गंज चढू लागलाय. तिथून पुढे लोखंड कोरं आहे.